काकू रात्री का बसतात?



स्थानकात परवा पुन्हा तेच कौतुक कानावर आलं. 'काकू रात्री दोनला उठून बसतात, पहाटेपर्यंत नवकार चालू!' काकूंना हृदयाचा आजार आहे, संध्याकाळी पाय सुजतात. आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडतो, म्हणून त्या उठतात. उठल्यावर जप करतात, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या कोंडण्याला आपण तप म्हणायला लागलो की घरातलं कुणीही डॉक्टरांकडे जात नाही.

हृदय कमजोर असलं की दिवसभर पायांत साचलेलं पाणी झोपल्यावर रक्तात परत येतं. हृदयाला ते उपसता येत नाही आणि ते फुप्फुसात तुंबतं. तास-दोन तासांनी घुसमटून जाग येते, खिडकीशी जावंसं वाटतं, बसलं की हळूहळू उतार पडतो. डॉक्टर 'किती उशा घेता?' विचारतात ते उगाच नाही. एकीच्या तीन झाल्या असतील तर लगेच सांगायचं असतं. आपण सांगतो, 'वय झालं.'

आता आपलं ताट बघा. अष्टमी-चौदसला हिरवी भाजी बंद, की पापड, लोणचं, शेव, खाखरे पुढे येतात. भाजी सोडली आणि मीठ दुप्पट खाल्लं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. त्यात सूर्यास्ताच्या आधी घाईघाईने दोन तांबे पाणी पिणं आहेच, डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असलं तरी! (पापडाशिवाय मुगाची डाळ घशाखाली उतरते, मी करून पाहिलंय.)

आणि गोळ्या. 'इतकी वर्षं चौविहार पाळला, आता एका गोळीसाठी मोडणार?' हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय. मलाही हाच आजार आहे. माझी लघवीची गोळी सकाळी आणि दुपारी चारला असते. रात्री सारखं उठावं लागू नये म्हणून डॉक्टरच दुसरी गोळी बहुतेक वेळा दुपारी देतात. चौविहार आहे एवढं त्यांना सांगायचा अवकाश होता. न सांगता मनाने गोळी गाळणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि त्यांचंही कौतुकच होतं.

काही औषधं रात्रीच घ्यावी लागतात, तेही खरं. मग पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार कशासाठी आहे? तीव्र आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं तर पच्चक्खाण मोडत नाही, याचसाठी ना? पूर्वाचार्यांनी ठेवलेली सवलत काढून घेणाऱ्या आपण कोण? शंका असेल तर महासतीजींना विचारा, शेजारणीला नको.

सुनांनो, सासूबाईंचं वजन रोज सकाळी चहाच्या आधी करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. रात्री दम लागला तर पाय खाली सोडून बसवा. बसूनही उतार पडत नसेल, छातीत दुखत असेल किंवा गुलाबी फेस येत असेल तर 108 लावा. नवकार म्हणायचा तो गाडीत म्हणा.