शास्त्रीय संशोधन आणि खेड्यातील माणूस

शास्त्रीय संशोधन म्हटले की आम्हां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र, पांढरा अंगरखा ल्यालेले विद्वान आणि बहुधा परदेशातील एखादे विद्यापीठ. हे चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. त्यात आजारी मूल नाही, त्याची आई नाही, आणि सायंकाळी मजुरीचे पैसे मोजीत घरी परतणारा बापही नाही. ज्या देशातील असंख्य कुटुंबांचे पोट आजही हातावर आहे, त्या देशाने संशोधनाचे असे चित्र मनात बाळगणे हिताचे नव्हे, हेच येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, गरीब देशाला संशोधन हवेच कशाला? संपन्न राष्ट्रांनी शोध लावावेत, आपण ते आणून वापरावेत; उरलेला पैसा अन्नवस्त्रावर खर्चावा. हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु काही प्रश्न असे असतात की, ते ज्याचे त्यानेच विचारावे लागतात. जेथे डॉक्टर दहा कोसांवर आहे, वाटेत पावसाळ्यात नाला भरून वाहतो आणि घरात रोख रुपया नाही, तेथे तान्हे मूल कसे वाचवावे, हा प्रश्न लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या विद्वानास पडावा तरी कसा? त्याच्या घराशेजारी इस्पितळ आहे. प्रश्न आमचा आहे, तेव्हा उत्तर शोधण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

असे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन मायदेशी परतले आणि १९८६ च्या सुमारास त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे काम आरंभिले. जिल्हा अरण्याचा, वस्ती विरळ, आदिवासी बांधवांची संख्या मोठी. तेथे त्यांनी प्रथम इमारत उभारिली नाही. प्रथम मोजणी केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या माताभगिनी दुखणे अंगावर काढतात हे कोणास ठाऊक नव्हते? परंतु ठाऊक असणे निराळे आणि मोजून दाखविणे निराळे. जे मोजले गेले नाही त्याची दाद कोणत्याही कचेरीत लागत नाही.

पुढचा प्रश्न बालकांचा होता. न्यूमोनिया हे बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण. त्याची खूण अशी की, बालकाचा श्वास जलद चालतो. तान्ह्या मुलात मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक. म्हणजे श्वास मोजता आला तर रोग ओळखता येईल, आणि रोग ओळखता आला तर स्वस्त गोळ्यांनी तो बरा करता येईल. परंतु गावातील सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते. येथे एखाद्या विद्वानाने हात टेकले असते. बंग दांपत्याने मात्र सुईणीस दोष न देता साधन बदलले. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्या शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीच शेवटच्या तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावयाचा. यंत्रविद्या म्हणजे केवळ विजेवर चालणारी अवजड यंत्रे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी या चार पैशांच्या मण्यांकडे अवश्य पाहावे. ज्याला जे करावयाचे आहे त्याच्या हाताला जे साधन बसते, तेच खरे साधन होय.

सुईणी आणि गावातील आरोग्यसेवक यांच्या हातून हे उपचार ५८ गावांत झाले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. उपचाराच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ इतके झाले. तुलनेच्या गावांत ते १७.५ होते.

त्यानंतर त्यांनी नवजात बालकांकडे लक्ष वळविले. ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती असे दिसले. प्रत्यक्ष मदत मिळाली ती केवळ २.६ टक्क्यांना. मग गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईचे दूध लवकर सुरू करविणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास चालू करणे, आणि जंतुदोष झाल्यास जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे, इतकी कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. त्यांना आरोग्यदूत असे सुंदर नाव मिळाले. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई द्यावी काय, ही शंका त्या काळी अनेकांच्या मनात होती, आणि ती अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिचे उत्तर वादाने नव्हे, मोजणीने मिळाले. जंतुदोष झालेल्या बालकांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. तिसऱ्या वर्षाअखेर त्या ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात हा अहवाल जगापुढे आला.

येथे एका बोचणाऱ्या प्रश्नास उत्तर देणे प्राप्त आहे. तुलनेच्या गावांतील बालकांचे काय? त्यांनी काय अपराध केला होता? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. तेथील लोकांस आधीपासून मिळणारी सरकारी सेवा बंद झाली नव्हती. आणि तुलना केली नसती तर हा फरक उपचाराने पडला की चांगल्या पीकपाण्याने, हे सांगता आले नसते. तसे सांगता आले नसते तर ही पद्धत त्या जिल्ह्याबाहेर कोणी स्वीकारलीही नसती. तेव्हा तुलना आवश्यक होती असेच आमचे मत झाले. परंतु तुलनेने एक ऋण उत्पन्न होते. ज्यांच्या घरातील मृत्यू आम्ही केवळ लिहून घेतले, त्यांचे आम्ही ऋणी झालो. ते ऋण अहवाल छापून फिटत नाही. सिद्ध झालेली गोष्ट सर्वांच्या दारी पोहोचली म्हणजेच ते फिटते. हिंदुस्थान सरकारने आशा सेविकांच्या द्वारे नवजात बालकांच्या घरी भेटी देण्याची योजना देशभर लागू केली ती २०११ मध्ये. १९९९ ते २०११ ही बारा वर्षे होतात. शोध लागण्यास जितका काळ लागला, त्याहून अधिक काळ तो कागदावरून दारापर्यंत येण्यास लागला. या बारा वर्षांचा हिशेब कोणी विचारला काय? आमच्या मते संशोधनाची खरी परीक्षा येथेच आहे, आणि तीत केवळ संशोधक नव्हे, तर शासन आणि सुशिक्षित समाज हेही बसलेले आहेत.

आरोग्य व साधने यांविषयी बोललो, आता चरितार्थाविषयी. डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामच्या नई तालीमच्या वातावरणात गेले, जेथे हाताने काम करीत शिकावयाचे असे. गडचिरोलीस जाण्यापूर्वी त्यांनी शेतमजुराच्या किमान मजुरीचा प्रश्न अभ्यासिला होता. सरकारी समितीच्या हिशेबाने ती दिवसाला चार रुपये ठरली होती. त्यांनी तो हिशेब तपासला, त्यातील चुका दाखविल्या, आणि मजुरास व त्याच्या कुटुंबास जगावयाचे तर बारा रुपये हवेत असे मांडले. पुढे मजुरी वाढविण्यात आली. त्या कामी प्रयोगशाळा लागली नाही. लागला तो कागद, लेखणी, आणि मजुराच्या ताटात काय असते हे पाहण्याची इच्छा.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. गडचिरोलीत आल्यावर त्यांनी आरंभी सिकल-सेल या रक्तदोषाचा शोध घेतला. रोग तेथे आहे हे सिद्ध झाले. परंतु लोक त्यासाठी उठले नाहीत, कारण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, संशोधकाने निवडलेला होता. आम्हांस हा कबुलीजबाब यशाच्या कथांइतकाच मोलाचा वाटतो. लोकांवर संशोधन करणे सोपे आहे. लोकांसाठी करणे त्याहून अवघड. आणि लोकांना बरोबर घेऊन करणे सर्वांत अवघड. परंतु टिकते ते तिसऱ्या प्रकारचेच.

आता शाळेकडे वळू. आम्ही शास्त्राच्या तासाला व्याख्या पाठ करितो, ठरलेले प्रयोग ठरलेल्या रीतीने करितो, आणि उत्तर आधीच पुस्तकात पाहून ठेवितो. उत्तर आधी ठाऊक असलेला प्रयोग हा सराव होय, शोध नव्हे. आमची सूचना अशी की, प्रत्येक वर्गाने वर्षातून एक तरी प्रश्न आपल्या वस्तीतून उचलावा. स्वयंपाकघरात चुलीचा धूर किती वेळ कोंडून राहतो व तेथे कोण बसते? पाणी भरण्यास एका घरातील माणसांचे दिवसाचे किती तास जातात? परीक्षेच्या दिवसांत किती मुले आजारी पडतात, आणि कशाने? हे प्रश्न लहान आहेत खरे. पण त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत. ती आम्हीच मोजून काढावी लागतील, आणि काढल्यावर ज्यांच्या घरी मोजले त्यांना जाऊन सांगावी लागतील.

शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकिला आहे. त्यातील मेंढपाळाच्या मायेविषयी पुष्कळ सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शंभरांतील एक मेंढरू नाही हे त्याला कळले, कारण तो मोजीत होता. ज्याने मोजलेच नसते, त्याच्या मनात कितीही माया असती तरी ते मेंढरू रानातच राहिले असते. आणि नुसते मोजून जो घरी बसला असता, त्याचाही त्या मेंढराला काही उपयोग नव्हता. मोजणे आणि शोधावयास निघणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करावयाच्या असतात. विद्यार्थीमित्रहो, शास्त्राचा अभ्यास आपण याच बुद्धीने करावा, इतकीच आमची विनंती आहे.