'रोहना'वरच्या खलाशांची नावे कुठे आहेत?

'रोहना' हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे १९२६ सालचे जहाज. मद्रासहून सिंगापूरला उतारू नेणारे. १९४० साली सरकारने ते सैन्य वाहायला घेतले. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जिरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने सोडलेल्या बॉम्बने ते बुडाले. १,०१५ अमेरिकन सैनिक गेले. २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांचा गौरव केला, तोही उशिराच. पण त्याच जहाजावर शंभरावर खलाशी मेले, बहुतेक भारतीय. त्यांचे काय?

हा प्रश्न रत्नागिरीने विचारायला हवा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर या जिल्ह्याची माणसे मोठ्या संख्येने राबली. नोकरीसाठी सारंगाचे हात ओले करायचे, पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास. टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच!

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या ६,००० हून अधिक भारतीय नाविक-खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. तिथे जातो कोण? भीमा कोरेगावच्या स्तंभावर २२ महार सैनिकांची नावे कोरलेली होती, म्हणून तो इतिहास कुणाला गिळता आला नाही. जिल्हा प्रशासनाने त्या यादीतली रत्नागिरीची नावे शोधून बंदरावर दगडात कोरावीत. प्रशासन हलले नाही, तर कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून जुन्या पेट्यांतली खलाशांची पुस्तके आधी वाळवीपासून वाचवावीत.