दार कुणी उघडायचे?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकांच्या जोडणीवर लिहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. "ते शास्त्रवाल्यांचे काम, तुम्ही आपले निबंध लिहा," असे मला एकाने ऐकवलेही. परंतु संगणक आता कुणा एका शाखेची मक्तेदारी राहिलेला नाही. तो आमच्या दोन खोल्यांच्या घरातही आला आहे, आणि त्याच वाटेने संकटही येऊन गेले आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. दादा बाहेरच्या खोलीत टायपिंगची कामे करतो. लग्नपत्रिका, अर्ज, मुलांचे प्रकल्प. त्याचा संगणक दणकट. माझ्या वाट्याला जुना, दमेकरी लॅपटॉप. मराठी फॉन्ट आणि साऱ्या फायली दादाकडे. दिवसा तिथे गिऱ्हाईक, रात्री तिथेच बाबा झोपतात. दिवा लावून बसायचे कसे? म्हणून आतल्या खोलीतूनच त्याचा संगणक चालवायचे मी ठरवले. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. सारे काम तिकडचा संगणक करतो. माझ्याकडे येते ते त्याच्या पडद्याचे चित्र, आणि माझ्याकडून जातात ते कळा दाबल्याचे व माउस हलवल्याचे निरोप. त्यामुळे दमेकरी लॅपटॉपही पुरतो.

यात फार मोठी विद्या नाही. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत सेटिंग्जमध्ये याचे बटण असते. 'होम' आवृत्तीच्या संगणकात या सोयीने शिरता येत नाही, पण त्यावरून दुसऱ्यात शिरता येते. सुदैवाने दादाचा 'प्रो' निघाला. दोन्ही यंत्रे घरच्या एकाच वायफायवर हवीत, ते जाळे 'खासगी' म्हणून नोंदवलेले हवे, आणि दादाचा संगणक मध्येच झोपी जाता कामा नये. मग लॅपटॉपवर त्याचे नाव किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. पहिला प्रयत्न फसला, कारण दादाच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज दुरून आत घेत नाही. दुसरा जमला, तोच बाहेरून दादा ओरडला, "अगं, माझा पडदा कुणी बंद केला?" एका वेळी एकालाच बसता येते, हे असे कळले. आता माझी पाळी रात्री दहानंतर.

बाबा हे सारे पाहत होते. एकदम म्हणाले, "म्हणजे तो माणूस असाच आत आला होता का गं?"

गेल्या वर्षी कुणीतरी बँकेतून बोलतो म्हणून त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावले, त्यात दिसणारा आकडा विचारला, परवानगीचे बटण दाबायला लावले. त्यानंतर बाबांचा पडदा त्यालाही दिसू लागला, बँकेने पाठवलेल्या गुप्त आकड्यासकट. ताईच्या बाळंतपणासाठी ठेवलेले १४ हजार रुपये गेले. "मी अडाणी," एवढेच बाबा म्हणाले, आणि पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

मला हे मान्य नाही. बाबा अडाणी नव्हते. आपण दार उघडतो आहोत हेच त्यांना कुणी दाखवले नव्हते. अशा अ‍ॅपच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. 'सावध राहा' असे संदेश आम्हालाही येतात. पण कशापासून, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस सावध होईल कसा?

त्या रात्री मी ते बटण बाबांच्याच बोटाने बंद करवले. मला आत शिरता येईना. त्यांनी सुरू केले, पासवर्ड टाकताच मी आत गेले. दोनदा, तीनदा त्यांनी करून पाहिले. काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे ओझे थोडे उतरलेले मी पाहिले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपणच पहिले शिकलेले. एखाद्या रविवारी घरच्यांना शेजारी बसवून हे करून दाखवा. मात्र ही सोय घरापुरतीच ठेवा. राउटरमधून ३३८९ हे तिचे द्वार बाहेरच्या जगाला उघडू नका, आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करा. पदवी मिळायला अजून वर्ष आहे. तोवर घरच्यांना एवढे दाखवता आले, तरी आपल्या शिकण्याचा काही उपयोग झाला असे मी म्हणेन.