उसाचं ब्रिक्स २०, मग साखर उतारा १२ कसा? एफआरपीचं गणित समजून घ्या

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर उसाच्या रसाचे दोन थेंब टाकले, आकडा दिसला २०. म्हणजे उसात २० टक्के साखर आहे का? नाही. आणि गडमुडशिंगीपासून शिरोळपर्यंतच्या ऊस उत्पादकाचं बिल या आकड्यावर ठरतही नाही. मग ते कशावर ठरतं?

ब्रिक्स म्हणजे काय?

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या घटकांचं प्रमाण. त्यात साखरेसोबत ग्लुकोज, क्षार आणि इतर घटकही येतात. निव्वळ साखर मोजतात पोलॅरिमीटरने, त्या आकड्याला 'पोल' म्हणतात. पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० म्हणजे रसाची शुद्धता.

शिवाय ऊस म्हणजे नुसता रस नाही, त्यात चोयटीही असते. त्यामुळे रसाचं ब्रिक्स २० असलं, तरी १०० किलो उसात साखर साधारण १४ किलोच असू शकते.

मग उतारा काय?

गाळलेल्या उसापैकी किती टक्के साखर प्रत्यक्ष पोत्यात पडली, तो उतारा, म्हणजेच रिकव्हरी. थोडी साखर बगॅसमध्ये राहते, थोडी प्रेसमडमध्ये आणि बरीचशी मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये जाते.

समजा, उसात १४ किलो साखर होती आणि पोत्यात १२ किलो आली. कारखान्याची कार्यक्षमता झाली सुमारे ८६ टक्के. धान्यापासून घरी बिअर बनवणारे परदेशातले हौशी लोकही हाच हिशेब मांडतात: रसाची घनता मोजायची आणि धान्यातली किती साखर रसात उतरली ते काढायचं. फरक इतकाच की त्यांचा हिशेब चुकला तर बिअर पातळ होते. इथे शेतकऱ्याचं बिल कमी होतं.

पैशात फरक किती?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. उतारा १२ टक्के असेल तर टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते.

आता त्याच १४ किलो साखरेच्या उसातून कारखान्याने ८० टक्केच साखर काढली, तर उतारा ११.२ वर येतो. टनामागे २७६ रुपये ८० पैसे कमी. एकरी ४० टन ऊस धरला तर ११,०७२ रुपये गेले. शेत तेच, ऊस तोच.

शेतकऱ्याच्या हातात काय?

पक्व ऊस, वेळेवर तोड आणि तोडल्यावर लगेच गाळप. ऊस वाळत पडला की त्यातली साखर फुटते आणि उतारा घसरतो. पण तोडीची तारीख बहुतेक वेळा कारखानाच ठरवतो.

आणि दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. निगुतीने पिकवलेला ऊस आणि कोवळा तोडलेला ऊस, दोघांना दर एकच.

वाद कशावरून?

हा उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा, यावरून. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने चालू हंगामाचा उतारा धरून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. राजू शेट्टी न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

एकरकमी पैशांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण उसात साखर किती होती आणि पोत्यात किती आली, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय उतारा शेतात घटला की कारखान्यात, हे कळत नाही. पुढच्या वार्षिक सभेत एवढं नक्की विचारा: आपल्या उसाचा सरासरी पोल किती होता?