भिंतीतले रोप जमिनीत लावा

पावसाळा लागला की जांभ्या चिऱ्यांच्या गडग्यांतून, जुन्या विहिरींच्या काठांतून आणि देवळांच्या शिखरांवरूनही इवलीइवली रोपे डोकावू लागतात. निरखून पाहिल्यास त्यांतील पुष्कळशी वड, पिंपळ व उंबर या एकाच कुळातील असल्याचे आढळेल. मराठीत ज्याला उंबर म्हणतात, त्यालाच आमच्या कोंकणीत रुमड म्हणतात. या रोपांच्या नशिबी आपल्याकडे दोनच गती असतात. घरमालक ती उपटून फेकतो. किंवा भाविक मनुष्य, पिंपळाला हात कसा लावावा, म्हणून ती तशीच वाढू देतो. पहिल्या गतीत झाड मरते, दुसरीत भिंत ढासळते. माझ्या मते तिसरा मार्गच योग्य होय: रोप लहान असतानाच ते सोडवून जमिनीत लावावे.

एवढी धडपड कशासाठी, असे कोणी विचारील. 'उंबर फोडून केंबरे काढू नयेत' अशी आपली म्हण आहे. व्यवहारात ती शहाणपणाची असेल. परंतु विद्यार्थ्याने एकदा तरी उंबर फोडून पाहावेच. ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या पोटात शेकडो सूक्ष्म फुले असतात. म्हणूनच 'उंबराचे फूल' सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. एक चिमुकली गांधीलमाशी फळाच्या टोकावरील छिद्रातून आत शिरते, परागसिंचन करते, अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पिले आतच वाढतात. नर भोक पाडून वाट करून देतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. या मादीचे आयुष्य फार तर दोन दिवसांचे. तेवढ्या अवधीत जवळपास योग्य अवस्थेतील फळ असलेले झाड तिला सापडलेच पाहिजे. म्हणून या कुळातील झाडे एकाच ऋतूत न फळता वेगवेगळ्या वेळी फळतात. आणि इतर फळे नसतात त्या महिन्यांतही धनेश, हारीत, वटवाघळे व माकडे यांना अन्न मिळते. झाडे विरळ झाली, तर या साखळीचा दुवा तुटतो.

या माशीवाचून काय होते, ते अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने अनुभवले आहे. 1880 च्या दशकात तेथे तुर्कस्तानातील स्मर्ना येथील अंजिराची झाडे नेऊन लावली. झाडे वाढली, पण फळे पिकण्यापूर्वीच गळू लागली. अखेर 1899 मध्ये फ्रेस्नो येथे रानअंजिरांबरोबर त्यांची माशीही रुजविण्यात यश आले, तेव्हा फळे टिकू लागली. त्यानंतर सकस बियांपासून ओढ्यांच्या काठी आपोआप रोपे उगवू लागली. आजही काही हौशी लोक अशी झाडे शोधून त्यांतून नवी गोड जात हाती लागते का, हे पाहतात. छाटापासून लावलेले झाड मूळ झाडाचीच प्रतिकृती असते. बियांपासून उगवलेले प्रत्येक झाड मात्र नवे असते. परंतु त्याच कॅलिफोर्नियात ही परदेशी झाडे नदीकाठच्या स्थानिक वनस्पतींना हटवीत असल्याचीही तक्रार आहे. आपला उंबर इथलाच. त्याच्याविषयी ती भीती नाही.

1950 साली आपल्या देशात वनमहोत्सवाची प्रथा सुरू झाली. तेव्हापासून शाळाशाळांतून रोपे लावली जातात. त्यांत मूळचा मादागास्करचा गुलमोहर हमखास असतो. तो शोभिवंत आहे, यात शंका नाही. पण पक्ष्यांनी फुकट पेरलेली, याच मातीतली रोपे भिंतीवरून खरवडून टाकायची आणि त्याच दिवशी विकत आणलेले रोप समारंभाने लावायचे, ही रीत मला विसंगत वाटते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ही झाडे प्रचंड वाढतात. त्यांची मुळे पाया व नळ फोडतात. म्हणून ती घर, विहीर व रस्ता यांपासून दूर, गावच्या मोकळ्या जागेत किंवा ओहोळाच्या काठी, मालकाची संमती घेऊनच लावावीत.

कृती कठीण नाही. भर पावसात, रोप वीतभर असतानाच भेगेतील चुना-माती ओली करून हळूहळू सैल करावी. मूळ न तोडता रोप काढावे, निम्मी पाने खुडावीत आणि माती, वाळू व कुजलेले शेण घातलेल्या कुंडीत लावून काही आठवडे सावलीत ठेवावे. पुढील पावसाळ्यात ते जमिनीत जाईल. उंच भिंतीवर चढण्याचे साहस मात्र विद्यार्थ्यांनी मुळीच करू नये. हाताशी असलेली रोपेच पुष्कळ आहेत.

पालकांना माझी विनंती आहे की, कुंपण साफ करताना एखादे तरी रोप मुलांच्या स्वाधीन करावे. प्रत्येक वर्गाने वर्षाकाठी असे एक झाड जगविले, तर शाळा सोडताना विद्यार्थ्याला त्याची उंची स्वतःच्या उंचीशी ताडून पाहता येईल. देवाच्या झाडाविषयी भक्ती असेल, तर तिने त्या झाडाला उभे राहण्यापुरती जमीन द्यावी.