लिफ्ट एक, गुन्हे तीन

पावसाळी ट्रेलचा हंगाम संपला की या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. ताम्हिणीच्या चिखलात गाडीने कुठेही दगा दिला नाही. परतीच्या वाटेवर सत्तर-ऐंशीचा वेग धरला, पुलाचा सांधा लागला आणि पुढची चाके अशी फडफडू लागली की स्टेअरिंग हातात धरवेना. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थरथर गेली नाही. यंदाची बहुतेक पत्रे जिम्नी आणि जिप्सीवाल्यांची आहेत. गॅरेजने काय केले, याचे उत्तरही बहुतेकांत एकच: जाडजूड स्टेअरिंग डॅम्पर बसवला.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला! डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण काढत नाही. दोन-तीन महिन्यांत तो थकतो आणि तोवर पॅनहार्डचा बुश पूर्ण गेलेला असतो.

फिटर मंडळींना हे ठाऊक नाही असे नाही. जिम्नीचे पुढचे लीडिंग आर्म चासीला अॅक्सलच्या मागे धरलेले असतात. गाडी उचलली की अॅक्सल त्या बिंदूभोवती पुढच्या बाजूने खाली फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. आर्म 70 सेंमीचा धरला, तर 50 मिमी लिफ्टला हा फरक सुमारे 4 अंशांचा पडतो. एवढा कॅस्टर गेल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ कसे येणार? जिप्सीला लांब शॅकल लावले तरी परिणाम तोच, कारण पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला आहे. तिथे टेपर शिम हवी, आणि तिची जाड बाजू उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जातो. थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनचे दुखणे वेगळे आहे. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर.

पॅनहार्डकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. लिफ्टनंतर तो अॅक्सलला एका बाजूला ओढतो. तेवढे सरळ करायला कुणी चासीकडचा ब्रॅकेट खाली घेतो आणि ड्रॅग लिंक तशीच सोडतो. दोघांची समांतरता मोडली की प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच वळते. ढिलेपणा शोधायला महागडे यंत्र लागत नाही. गाडी चारही चाकांवर, इंजिन चालू; एकाने स्टेअरिंग झटक्याने डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली पडून पॅनहार्डची दोन्ही टोके पाहावीत. बोल्ट भोकात सरकताना दिसला, तर भोक अंडाकृती झाले आहे आणि नवा बुश टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. किंगपिन बेअरिंगचा प्रीलोड स्प्रिंग काट्याने मोजावा. रिमच्या आत वाळलेला चिखल आधी खरवडून काढावा. थरथर सुरू व्हायला तेवढा असमतोलही पुरतो.

आणि अलाइनमेंट. टो हिरवा झाला की प्रिंट हातात देऊन गाडी बाहेर काढली जाते. कॅस्टरचा रकाना लाल असतो. ‘याला अॅडजस्टमेंट नाही’ म्हणून तो कुणी वाचत नाही. लिफ्टसाठी हजारो रुपये घेणाऱ्याने तो लाल आकडा न वाचता गाडी महामार्गावर सोडावी, हे या धंद्याला लाजिरवाणे आहे.

मात्र नीट काम करणाऱ्याची कायदा जी गत करतो, ती याहून संतापजनक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले: परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचावेत. नुसती लिफ्ट करून डगमगती गाडी चालवणाऱ्याचा बदल एक. तीच गाडी सुरक्षित व्हावी म्हणून कॅस्टर बुश आणि अॅडजस्टेबल पॅनहार्ड बसवणाऱ्याचे बदल तीन, म्हणजे 15,000 रुपये. शिवाय रंगीत पॅनहार्ड रस्त्यावरून दिसतो. गेलेला कॅस्टर कुणालाच दिसत नाही.

पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला जाणाऱ्या जिप्सींचे हाल याच गोंधळातून होतात. तपासणीच्या दिवसापुरत्या मूळ पाट्या चढतात, संध्याकाळी उतरतात. यू-बोल्ट पुन्हा तेच, शिम कुठल्या बाजूने होती ते कुणी लिहून ठेवलेले नसते. निरीक्षकाने पास केलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी वेगळी आहे, हे खात्यात कुणाला माहीत नाही?

सीएनजी किटला प्रकार-मान्यता मिळते, अधिकृत केंद्रात ते बसते, आरसीवर नोंद होते. दाबाखालच्या वायूची टाकी तपासता येते, तर रबर-पोलादाचा बुश का नाही? ठरावीक उंचीपर्यंतची लिफ्ट आणि तिच्यासोबतचे स्टेअरिंगचे भाग यांचा एकच संच मानून त्याला मान्यता द्यावी. तपासणीसाठी पुण्यातच एआरएआय आहे. परवानगी मिळेपर्यंत गिऱ्हाईकाला ‘सगळे कायदेशीर आहे’ असे खोटे कुणी सांगू नये.

ही मागणी परिवहन आयुक्तांकडे नुसत्या तक्रारींच्या जोरावर नेता येणार नाही, आकडे लागतील. प्रत्येक गॅरेजने लिफ्टच्या आधीची आणि नंतरची अलाइनमेंट शीट जपावी आणि तिची प्रत मासिकाकडे पाठवावी. सोबत लिफ्टची उंची, टायरचा आकार, बदललेले भाग आणि कॅस्टरचे दोन्ही बाजूंचे आकडे लिहावेत. मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर खोडून टाकावा. काम बिघडले असेल, तर ती शीटही पाठवावी.