सेट तुमचा, फ्रिक्वेन्सी कुणाची?

"सेट मी विकत घेतलाय, त्यात काय भरायचं ते मी ठरवणार." ट्रेकच्या कंपूत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ भांडावंसं वाटतं. लॅपटॉपवर हवी ती ओएस टाका, माझा पाठिंबा! वॉकीटॉकीचं तसं नाही हो. तिथे प्रयोग फसला की दुसऱ्याचा आवाज बंद होतो.

बाओफेंगचा यूव्ही-५आर घ्या. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि वर ४०० च्या पुढेही बोलतो. केबल लावा, चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, कोष्टकात आकडे भरा, झालं. भारतात २०१८ च्या नियमांनी वॉकीटॉकीला विनापरवाना मोकळी करून दिली ती ४४६.० ते ४४६.२ एवढीच पट्टी, तीही कमी पॉवरच्या सेटना. शिवाय मॉडेलला मंजुरी लागते. चार-पाच वॉटच्या सेटमध्ये ४४६ भरून 'लीगल केला' म्हणणारे महाभाग मला माहीत आहेत. असो.

आता खरी भीती. समुद्रावरचा संकटकाळचा १६ नंबर चॅनेल १५६.८ वर असतो, म्हणजे याच सेटच्या आवाक्यात. एफएमची खोड अशी की दोन सिग्नल एकदम आले तर जोरकस तेवढाच ऐकू येतो, कमजोर गाडला जातो. तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर बटण दाबून "हॅलो, टेस्टिंग" करताय आणि लांबवर एखादी बोट मदत मागतेय. जवळच्या रिसीव्हरवर कोण ऐकू येईल, सांगा?

विकणारेही काही कमी नाहीत. फ्रिक्वेन्सी, परवाना, मंजुरी कशाचाच पत्ता नसलेले सेट खुशाल विकतात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना नोटिसा काढल्या. पण 'साइटवर मिळतं म्हणजे चालतं' हे इंजिनिअरने म्हणावं?

'अमेरिकेत सगळं चालतं' हीसुद्धा थापच. तिथला हॅम आपल्या सेटची हवी तशी चिरफाड करतो, पण हॅमच्या पट्ट्यांपुरती. मंजुरी नसलेले असले सेट विकणं, वापरणं बेकायदा आहे, असं एफसीसीने २०१८ मध्येच बजावलंय.

हात शिवशिवतच असतील तर आपल्याकडेही हॅमची परीक्षा आहे. बारा वर्षांची पोरं देऊ शकतात. पास व्हा, परवाना घ्या, मग १४४ ते १४६ वर घरच्या अँटेनाने काय हवं ते करून बघा. तोवर ट्रेकला शिट्टी न्या.